मशीनला घातलेली आंघोळ

मी एकदा लाकडं कापायच्या मशीनला आंघोळ घातली होती. ओल्या फडक्यानं पुसली असं नव्हे. घमेल्यात बसवून, बंबातलं ऊन पाणी घेऊन, साबण लावून, वरून दोन तांबे ओतून रीतसर आंघोळ. वरचं झाकण काढून आतूनसुद्धा धुतली, तान्ह्या पोराच्या कानामागं धुवावं तशी. मग पाटावर उन्हात बसवून हळदीकुंकू वाहिलं. तेव्हा मी छप्पन वर्षांची होते, जुनी मॅट्रिक होते, गावातल्या बायकांना बँकेचे फॉर्म भरून देत होते, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. आता अडुसष्ट चालू आहे. आता एवढंच कळतं की त्या छप्पनच्या बाईच्या हातात पेट्रोलवर चालणारी वस्तू द्यायला नको होती.

नातवंडांना हा किस्सा पाठ आहे, तरी सुट्टीला आली की पुन्हा सांगायला लावतात. धाकटी मुद्दाम विचारते, "आज्जी, साबण कुठला होता गं?" मी म्हणते, "अंगाचा. नवी कोरी मशीन, तिला काय भांड्याचा साबण लावायचा?" मग ती लोळण घेतात. त्यांना मी हसण्यापुरतंच सांगते. ती मशीन घरात कशासाठी आणली होती आणि बंद पडली तेव्हा काय झालं, ते त्यांना सांगितलेलं नाही. ते इथं लिहिते.

माझं माहेर आष्ट्याकडचं, उसाच्या रानातलं. तिथं चुलीला पाचट, तुरकाट्या आणि शेणी. लाकूड म्हणजे खाटेचा पाय नाहीतर मुसळ, एवढीच माझी ओळख. लग्न होऊन मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात आले, तर पडवीत भिंतभर लाकूड रचलेलं. चार महिने पाऊस सोडत नाही, मग थंडी सोडत नाही. लाकडाशिवाय तिथं ना भाकरी ना आंघोळ. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी बंब पेटवायचं काम मागून घेतलं. छाप पाडायची होती. ढिगातली सगळ्यात देखणी लाकडं निवडली, गुळगुळीत, जड, सालीला हिरवी झाक असलेली. घरात असा धूर झाला की गोठ्यातली म्हैससुद्धा खोकायला लागली.

आमचे हे फौजेत होते, लग्नासाठी रजेवर आलेले. डोळे चोळत पडवीत आले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी ढिगातली दोन लाकडं उचलली आणि एकमेकांवर आपटली.

"ऐक," म्हणाले. ठण्ण असा आवाज झाला. मग मी निवडलेल्यातली दोन घेऊन आपटली. नुसतं ढप्प. "ते वाळलंय. हे अजून झाडच हाय."

नवऱ्यानं मला पहिल्यांदा एवढं जवळ बसवून काही सांगितलं ते हे. मी वेगळंच काही ऐकायला मिळेल म्हणून वाट बघत होते, ते असो.

पेन्शनीत आल्यावर त्यांनी कुऱ्हाड जी हातात घेतली ती घेतलीच. पातं त्यांच्या वडलांचं, दांडा धामणीच्या लाकडाचा, स्वतः तासून घातलेला. तळहाताच्या घामानं तो दांडा जुन्या पितळेसारखा तकतकीत झाला होता. रोज सकाळी परसात अर्धा तास लाकूड फोडायचं, मग आंघोळ, मग चहा. माझं घड्याळ तेच. घाव सावकाश पडायला लागले की मी चहाचं आधण ठेवायची.

गोठ्यामागं एक निलगिरी होती. रजेवर असताना त्यांनी बोटाएवढं रोप आणून लावलेलं. ती वाढता वाढता एवढी वाढली की शेंडा बघायला टोपी काढावी लागायची. एका पावसात तिच्या बुडाची माती वाहून गेली आणि मुळं उघडी पडली. पुढच्या पावसात ती आपण होऊन पडली असती तर गोठा घेऊन पडली असती. पाडायला पाहिजे यावर घरात एकमत होतं. कुणी पाडायची, त्यावर बोलायची कुणाची टाप नव्हती.

"मी लावलीया, मीच पाडणार," हे म्हणायचे. "दसरा होऊ दे."

त्याच श्रावणात त्यांच्या छातीत कळ आली. साताऱ्याला नेलं, नळी घालून आत ती बारीक स्प्रिंग बसवली. निघताना डॉक्टर म्हणाले, "चाला, फिरा, मीठ कमी करा. कुऱ्हाड मात्र बंद." ह्यांनी बसल्या जागी पाठ ताठ केली आणि "येस सर" म्हणाले. मला बरं वाटलं. डॉक्टरांना तेवढं बरं वाटलं नसावं, कारण त्यांनी मला बाहेर गाठलं. "पुन्हा झालं तर तुमच्या गावातून इथं पोचायला वेळ मिळेलच असं नाही, काकू. लक्ष ठेवा."

लक्ष कसं ठेवायचं? मी कुऱ्हाड तांदळाच्या कणगीत पुरली. माझ्या मते ही लपवायची जागा म्हणजे बुद्धीची कमाल होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाड खांबाला टेकून उभी, पात्यावर दोन-चार तांदूळ चिकटलेले.

"कुऱ्हाड पेरली व्हतीस व्हय तू?" हे म्हणाले. "उगवली बघ."

तेव्हा मशीनचं डोक्यात आलं. लाकूड आपोआप कापलं गेलं की माणूस कुऱ्हाडीला हात लावणार नाही, असा माझा सरळ हिशोब. आष्ट्याला भावाला फोन केला. त्याच्याकडं बांधावरच्या बाभळी काढायला मशीन होती.

"अक्का, घ्यायची तर मोठी घे," तो म्हणाला. "बारक्या मशीनला लोक हसत्यात."

मी साताऱ्याला एकटी गेले. घरात सांगितलं, चष्म्याचा नंबर काढायला चालले. शेतीच्या अवजारांचं दुकान, पुढं विक्री, मागं दुरुस्ती, दुकानदारच मिस्त्री. पन्नाशीचा माणूस, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. मी आत शिरले आणि भिंतीवरच्या सगळ्यात लांब पट्टीच्या मशीनकडं बोट केलं.

"ती द्या."

"सगळ्यात जाड झाड केवढं आहे तुमचं?"

मी हात पसरून दाखवले.

"मावशी, मिठी मारून नका दाखवू. दोरी लावून मोजलंय का?"

मोजलं नव्हतं. त्यानं ती लांब मशीन काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, आता अशीच धरून उभ्या राहा, मी पाणी पिऊन येतो. तो पाणी पिऊन येईपर्यंत माझे दंड थरथरायला लागले होते. त्यानं ती परत भिंतीला लावली.

"एवढ्या मशीनचा धनी पैलवान पाहिजे, नाहीतर मग मशीन धन्याला चालवते," तो म्हणाला. "तुमच्या घरच्या लाकडाला अठरा इंची पट्टी भरपूर. दोरी ओढायला हलकी, पुढं ब्रेक, मशीन उसळली तर चेन जागच्या जागी थांबते. आणि चांगली मशीन कुठली म्हणाल, तर जिचा पार्ट ह्या दुकानात मिळतो ती. बाकी सगळं रंगकाम."

मला रंगकाम आवडलं होतं, पण तोंड मिटून अठरा इंची घेतली. त्यानं पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचं ते दाखवलं, चेनचं तेल वेगळ्या टाकीत घालायचं ते दाखवलं, पुस्तकात लिहिलंय तेवढंच माप, अंदाज नको, असं तीनदा बजावलं. आंघोळ घालू नका असं नाही सांगितलं. बिचाऱ्याला वाटलंच नसेल.

घरी आल्यावर खोकं ह्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी उघडून बघितलं, एक बोट चेनवर फिरवलं आणि झाकण लावलं.

"चष्मा जाड दिसतोय," म्हणाले.

"आवं, तुमच्यासाठीच आणलीया. नुसती धरायची. ती आपोआप कापती."

"मी काय कारखान्यात कामाला हाय?" एवढं बोलून ते चालायला निघून गेले. चार दिवस खोकं बाहेरच्या सोप्यात तसंच. येणारा जाणारा त्यावर टोपी ठेवायला लागला.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड धुऊन पुजायचं, हे आमच्यात कुणाला शिकवावं लागत नाही. विळे, खुरपी, कोयता, पहार, फाळ, सगळं परसात काढून मी घासलं. कुऱ्हाडसुद्धा घासली, मनातल्या मनात तिला शिव्या देत. आणि मग मला खोकं दिसलं. मनात आलं, सगळ्यांनी आंघोळ केली आणि नव्या सुनेसारखी ही एकटीच पारोशी बसलीय. पुढचं वर सांगितलंच आहे. एक सांगायचं राहिलं. झाकणाच्या आतल्या जाळीला मी देवाच्या नावानं चिमूटभर जास्तीचं कुंकू लावलं. मला वाटलं, हे हिचं काळीज असावं.

पुस्तक मी वाचलं नव्हतं असं नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. त्यात नळाचं चित्र काढून त्यावर फुली मारलेली होती. मी म्हटलं, नळाचं पाणी नको म्हणत असतील. बंबातलं घेतलं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी माझी धाकटी जाऊ सोनं द्यायला आली, बरोबर भावकीतल्या आणखी दोघी. मी आपट्याची पानं हातात घेण्याच्या आधीच मशीन अंगणात मांडली. दाखवायची हौस. ह्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, बघा गं, एका झटक्यात कशी सुरू होते. आणि दोरी ओढली. फुस्स. पुन्हा ओढली. पुन्हा. माझा पदर सुटला, अंबाडा सुटला, मशीनमधून पाण्याची धार सुटली, आवाज काही सुटेना.

"अक्का," जाऊ म्हणाली, "मशीन सुरू करताय का पाळणा हलवताय?"

बायका हसल्या, मीही हसले. हे सोप्यात बसले होते. ते हसले नाहीत. उठले, देवापुढं मांडलेली कुऱ्हाड उचलली, तिच्यावरचं झेंडूचं फूल काढून खिडकीत ठेवलं.

"हिची बी पूजा झालीया," म्हणाले आणि परसाकडं गेले.

मी मागं जाईपर्यंत गोठ्यामागून आवाज आला. घाव. पुन्हा घाव. ते निलगिरीला भिडले होते. जाऊ मला म्हणाली, जावा की. वाटलं, आपण ओरडलो तर रागानं आणखी जोरात मारतील. मी घाव मोजत होते. सहा झाले. सातवा सावकाश पडला. आठवा पडला नाही.

धावत गेले तर ते बुंध्याला टेकून जमिनीवर बसले होते, कुऱ्हाड मांडीवर, एक हात छातीवर. चेहरा राखेसारखा. जाऊ धावत जाऊन डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊन आली, मी ती त्यांच्या जिभेखाली ठेवली आणि दिराला गाडी काढायला सांगितलं. थोड्या वेळानं त्यांना श्वास पुरायला लागला. साताऱ्याला जाईपर्यंत रस्त्यात ते एकच वाक्य बोलले: "दम लागला व्हता नुसता." डॉक्टरांनी तपासलं आणि तेवढंच निघालं, दम. पण मी त्या आठव्या घावाची वाट बघितली होती. ती डॉक्टरांच्या कुठल्या मशीनवर दिसत नाही.

दोन दिवसांनी मशीन जुन्या नऊवारीत गुंडाळून मी एसटीनं त्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं झाकण उघडलं. आधी पाणी आलं, मग थोडा फेस. मग त्यानं ती जाळी बाहेर काढून उजेडात धरली. लालभडक.

"मावशी," तो म्हणाला, "आंघोळ?"

"व्हय."

"साबण लावून?"

"खंडेनवमी होती हो."

त्यानं चष्मा डोळ्यांवरून काढून गळ्यात सोडला. हसेल असं वाटलं. तो म्हणाला, "माझ्या आईनं आमच्या पहिल्या रेडिओला घातली होती." आणि खाली बसून एकेक भाग सुटा करायला लागला. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. विचारलं नव्हतं त्यानं, तरी सांगितलं, घाव मोजले तेसुद्धा.

तो प्लग पुसत ऐकत होता. मग म्हणाला, "ही मशीन तुम्ही त्यांच्यासाठी घेतली होती? अहो, दोरीला झटके द्यायचे, एवढं वजन पेलायचं, हातात सारखी थरथर. डॉक्टरांना विचारलंय का?"

नव्हतं विचारलं. तिथूनच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "काकू, तुम्हाला त्यांना वाचवायचंय ना?"

फोन ठेवला. काळजाचं दुखणं असलेल्या माणसाला कुऱ्हाडीपासून सोडवायला मी साडेपाच किलोची थरथरणारी वस्तू आणली होती. छप्पन वर्षांची, जुनी मॅट्रिक. मिस्त्रीनं मशीन जुळवून फळीवर ठेवली आणि विचारलं, "मग आता हिला चालवणार कोण?"

"मी," म्हणाले. बोलून झाल्यावर मलाच वळून बघावंसं वाटलं की कोण बोललं.

त्यानं मला पुरं दोन तास शिकवलं. मशीन जमिनीवर ठेवायची, मागच्या मुठीत पाय घालून दाबायची, मग दोरी. ब्रेक लावल्याशिवाय एक पाऊल चालायचं नाही. पट्टीचं नाक लाकडाला लावायचं नाही, तिथूनच ती उसळते. खांद्याच्या वर उचलायची नाही. जाड बूट, डोळ्याला चष्मा, कानाला आवाज अडवणारे बंद. "आणि साडी नाही," तो म्हणाला, "पदर चेनला लय आवडतो." शेवटी एक मऊ ब्रश दिला. "ही हिची आंघोळ. कोरडी. कुंकू लावायचंच तर मुठीला लावा."

घरी आल्यावर लेकीचा टाकून दिलेला पंजाबी ड्रेस घातला आणि ह्यांचे फौजेतले बूट, आत मोज्यांच्या दोन जोड्या. गावात बातमी आमच्या कोंबड्याच्या आधी पोचली. जाऊ बघून म्हणाली, "अक्का, आता पगार कवा सुरू?" पडलेल्या आंब्याच्या फांद्या लाकडी घोडीवर टाकून मी रोज थोड्या कापायची. पहिले चार दिवस ढोपरं कापत होती, लाकूड कमी.

हे सोप्यात पाठ करून बसायचे, पेपर तोंडापुढं. पेपर वाचत नव्हते, पान उलटत नव्हतं. कुऱ्हाड त्यांच्या खुर्चीच्या मागं भिंतीला. रोज मला आधी ती दिसायची. आज जागेवर आहे, एवढं बघून मी दोरी ओढायची. निलगिरीबद्दल त्यांनी काही सोडून दिलं नव्हतं. "उन्हाळ्यापर्यंत दम येईल," असं दिराला सांगताना मी ऐकलं होतं.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. एका सकाळी मी मशीन बंद केली, कानाचे बंद काढले, तर पेपरमागून आवाज आला.

"चेन बोथट झालीया."

"तुमाला काय कळतंय तिकडं तोंड करून?"

"आवाज बसलाय तिचा. खाली बघ. चुरा पडतोय का पीठ?"

खाली बघितलं. रोज चांगला जाडसर चुरा पडायचा, आज गव्हाच्या पिठासारखं भुरभुरीत पडलं होतं. मशीन आणि मिस्त्रीनं दिलेली गोल कानस त्यांच्या खुर्चीपाशी नेऊन ठेवली आणि चहा करायला आत गेले. चहा मुद्दाम लांबवला. आतून ऐकत होते. मग कानशीचा आवाज आला, खर्र, खर्र, खर्र. तीन झाले की थांबा. पुन्हा तीन. प्रत्येक दाताला सारखेच, फौजेतल्या माणसाचे.

चहा घेऊन बाहेर आले तर मशीन मांडीवर, चष्मा नाकावर, जीभ ओठाच्या कोपऱ्यात.

"कुणी केली व्हती धार ह्याच्या आधी?"

"मीच."

"वाटलंच," म्हणाले आणि पुढचा दात धरला.

त्या दिवसापासून धार त्यांची, कापणं माझं. संध्याकाळी चुरा चिमटीत घेऊन बघायचे, मग मला "पास" किंवा "नापास" सांगायचे. हे काम बसून करायचं, त्यात दम लागत नव्हता. डॉक्टरांनाही विचारून घेतलं, एवढी अक्कल मला तोवर आली होती. पण कुऱ्हाड भिंतीलाच होती, आणि निलगिरी गोठ्यामागं.

माघात भाताची खाचरं मोकळी पडली होती. एका सकाळी मी चहा घेऊन आले तर खुर्ची रिकामी, भिंत रिकामी. कप तिथंच ठेवला आणि धावले. ते निलगिरीपाशी उभे होते. कुऱ्हाड हातात होती, पण तिच्या दांड्यानं ते बुंध्याभोवती जमिनीवर रेघ ओढत होते. मान वर करून झाडाकडं बघायचे, दोन पावलं सरकायचे, पुन्हा बघायचे. मी धापा टाकत उभी. त्यांनी वळून बघितलं.

"आता तुला दम लागला व्हय," म्हणाले. मग दांड्यानं खाचराकडं दाखवलं. "इकडं पडणार ती. वारं सुटायच्या आत करायचं. बूट घाल जा."

मला वाटलं, चुकीचं ऐकलं. "कुणी करायचं?"

"मशीन कुणाला येती घरात?"

दिरानं शिडी लावून वर दोर बांधला आणि त्याचं टोक घेऊन तो लांब खाचरात, एका बाजूला उभा राहिला. ह्यांनी मला आधी पळायची वाट दाखवली, मागं तिरपी, आणि तिच्यातले दगड दिराकडून काढून घेतले. मी ती वाट दोनदा चालून दाखवली. मग त्यांनी मला बुंध्यापाशी नेलं. तिथं सालीवर दसऱ्याच्या घावांचा खड्डा होता. सात घाव, एकात एक बसलेले, खाचराच्या अंगाला. त्या दिवशी रागातसुद्धा त्यांनी झाड कुठं पडायला पाहिजे ते बघूनच घाव घातले होते. त्या खड्ड्यात डिंक येऊन वाळला होता, तांबडा, काचेसारखा. त्यांनी त्यावर अंगठा फिरवला.

"खाच हितंच घे," म्हणाले. "मी सुरुवात करून ठेवलीया. मग मागनं काप, हिच्यापेक्षा चार बोटं वर. सगळं कापायचं न्हाई. मधी तीन बोटं लाकूड सोडायचं, ती बिजागरी. त्याच्यावर ती आपणच वळंल. कानाला बंद असतील तुझ्या, तवा माझ्याकडं बघ. मी हा टॉवेल वर केला की मशीन बंद, ब्रेक, आन् वाटंला लाग. मागं वळून बघायचं न्हाई."

कुऱ्हाड त्यांनी बांधाकडं लावलेल्या दिराच्या मोटारसायकलला टेकवली आणि लाल टॉवेल घेऊन लांब बांधावर जाऊन उभे राहिले, सलामी द्यायला उभे राहावं तसे.

मी मशीन सुरू केली. त्यांच्या घावांवर पट्टी टेकवली. जाडसर चुरा बुटांवर पडायला लागला, पास होण्यासारखा. खाच निघाली, संत्र्याच्या मोठ्या फोडीसारखी. मागं गेले. कापत होते आणि एक डोळा बांधावर. वर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, फक्त तो लाल टॉवेल खाली लोंबताना दिसत होता. एकदा वाटलं, आता पुरे, थांबावं. टॉवेल खालीच होता. मी कापत राहिले. मग तो वर गेला.

बंद, ब्रेक, वाट. मागं बघितलं नाही. पायांखालची जमीन हलली तेव्हा कळलं. वळले तर धुरळा, निलगिरीचा वास, आणि ती खाचरात सरळ लांब पडलेली, गोठ्यापासून पार लांब. म्हैस रवंथ करत होती.

हे बांधावरून सावकाश आले. बुंध्यापाशी बसून तीन बोटांची बिजागरी बोटांनीच मोजली. तीनच भरली. पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, टोपण काढून. रात्री ते झोपल्यावर मी कुऱ्हाड बघायला गेले. ती भिंतीला होती. तिथंच होती म्हणजे ती सोडायचं अजून ठरलं नव्हतं. उन्हाळा गेला, पाऊस गेला, ती तिथंच. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सकाळी आवाज माझ्या मशीनचा, दुपारी त्यांच्या कानशीचा.

पुन्हा खंडेनवमी आली. मी परसात लोखंड मांडलं, बंबातलं ऊन पाणी घमेल्यात काढलं. हे आले. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात कुऱ्हाड. मशीन त्यांनी पाटावर ठेवली, घमेल्यापासून जरा लांबच. कुऱ्हाड दोन्ही हातांनी माझ्या मांडीवर दिली. खिशातून तो मऊ ब्रश काढला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले:

"कुऱ्हाडीला घाल काय आंघोळ घालायची ती, सावकाश घाल, साबण बी लाव. ती आता माझ्यावानी पेन्शनीत आली. हिला मातूर पाणी लावू नको, उद्या हिला तुझ्यासंगं कामाला जायाचंय."